वाळवंटाला पत्ता असतो

सौंदर्यशास्त्राच्या वर्गात एक सोय आपल्याकडे आता इतकी रुळली आहे की ती सोय आहे हेदेखील कोणाच्या लक्षात येत नाही. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त शिकवायला घेतला, संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांपाशी आलो, की अध्यापक पडद्यावर एक छायाचित्र दाखवतो. ते बहुधा वाळवंटाचे असते. वाळूच्या टेकडीची एक धारदार कड, तिच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला काळोख. किंवा वाऱ्याने उमटवलेल्या समांतर लाटा. किंवा तडकलेल्या चिखलाची जाळी. माणूस नाही, झाड नाही, क्षितिजही नाही. 'पाहा,' अध्यापक म्हणतो, 'येथे विषय नाही. येथे केवळ आकार आहेत, पोत आहे आणि त्यांचे परस्परसंबंध आहेत. हे शुद्ध रूप.' विद्यार्थी वहीत 'शुद्ध रूप' असे लिहून घेतात आणि तास पुढे सरकतो.

हे आम्ही दुसऱ्या कोणाविषयी सांगत नाही. ही सोय आम्ही स्वतः अकरा वर्षे वापरली आहे. म्हणून प्रस्तुत लेखातला वाद प्रथम स्वतःशी आहे, आणि नंतर त्या सर्वांशी, जे वाळवंटाच्या अमूर्त छायाचित्राला विषयमुक्त कलेचा निर्णायक पुरावा मानतात. आमचे म्हणणे थोडक्यात असे: वाळवंट अमूर्त नसते, ते अमूर्त केले जाते. आणि जे केले जाते त्याची जबाबदारी करणाऱ्यावर, दाखवणाऱ्यावर आणि पाहणाऱ्यावर, अशी तिघांवरही येते.

आमची सोय मोडली ती एका विद्यार्थिनीमुळे. पडद्यावर त्या दिवशी एक हवाई छायाचित्र होते. फिकट भूमी, तिच्यावर बारीक रेघांचे जाळे, आणि मध्यभागी दोन-तीन गडद, कडांशी विरत गेलेले डाग. चित्र कोणाचे, कुठले, याची आम्ही कधी चौकशी केली नव्हती. कोठून तरी उतरवून घेताना त्याचा मथळा गळून पडला होता, आणि ते आमच्या पथ्यावरच पडले होते. गडद डाग आणि फिकट अवकाश यांच्यातला विरोध व डागांच्या मांडणीतला समतोल आम्ही उलगडून दाखवत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'सर, इथे वाडा बसला होता का?'

वर्ग हसला. मुलगी माणदेशातल्या मेंढपाळ कुटुंबातली होती. हसणे थांबल्यावर तिने सांगितले की मेंढरांचा वाडा एका जागी काही काळ बसला की लेंड्यांनी आणि मुताने तेवढी जमीन काळी पडते. वाडा उठला तरी डाग मागे राहतो. त्या बारीक रेघा म्हणजे जनावरांच्या जाण्यायेण्याच्या वाटा. त्या पाण्याकडे नाहीतर वस्तीकडे जात असणार. मग तिने विचारले, 'पण सर, माणसं कुठं गेली?'

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला लागल्यावर कळले की ते चित्र फझल शेख या अमेरिकन छायाचित्रकाराच्या 'डेझर्ट ब्लूम' या मालिकेतले आहे. इस्राएलमधील नेगेव वाळवंटावरून (अरबी भाषेत त्याला नकब म्हणतात) २०११ साली विमानातून ही छायाचित्रे घेतली गेली आणि २०१५ साली 'द इरेझर ट्रिलजी' या ग्रंथत्रयीत ती प्रसिद्ध झाली. मालिकेतल्या चित्रांना शीर्षके अशी नाहीत. शीर्षकाच्या जागी अक्षांश आणि रेखांश आहेत. म्हणजे पत्ता आहे. जमिनीवरचे डाग उठवल्या गेलेल्या बेदुइन वस्त्यांमधल्या जनावरांच्या वाड्यांचे होते. याच भूमीविषयी एयाल वाइझमन यांनी शेख यांच्या छायाचित्रांसह लिहिलेले 'द कॉन्फ्लिक्ट शोअरलाइन' हे पुस्तकही २०१५चेच. वर्षाला २०० मिलिमीटर पावसाची रेषा ही वाळवंटाची सीमा मानायची, तिच्यापलीकडे शेती होऊच शकत नाही असे म्हणायचे, आणि जेथे शेती नाही तेथे मालकीही नाही असा निष्कर्ष काढायचा, हा युक्तिवाद बेदुइनांच्या जमिनीवरील हक्काविरुद्ध कसा उभा राहिला, हे वाइझमन त्यात दाखवतात. त्याच टापूतले अल-अराकिब हे गाव २०१० सालापासून दोनशेहून अधिक वेळा पाडण्यात आले आणि तेथल्या रहिवाशांनी ते पुन्हा पुन्हा उभारले.

आम्ही मात्र त्या डागांत समतोल शिकवत होतो.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. त्या विद्यार्थिनीने आशय पाहिला आणि आम्ही रूप पाहिले, असे या प्रसंगाचे तात्पर्य कोणी काढील तर ते चुकीचे होईल. तिने रूपच पाहिले, आणि आमच्यापेक्षा अधिक बारकाईने पाहिले. डागाची कड तीक्ष्ण नाही, ती विरत गेली आहे. रेघा समांतर नाहीत, त्या एका बिंदूकडे झुकतात. रेघांची जाडी सारखी नाही. हे सारे तिच्या नजरेने टिपले. आम्ही 'विरोध' हा शब्द हाताशी असल्यामुळे पाहणे मध्येच थांबवले होते. किंबहुना आमचा रूपवाद रूपापर्यंत पोचलाच नव्हता. तो परिभाषेपाशी अडकला होता.

आता ही अमूर्तता घडते कशी ते पाहू. ती वजाबाकीने घडते, आणि ही वजाबाकी चार पायऱ्यांची आहे. पहिली वजाबाकी क्षितिजाची. छायाचित्रकार कॅमेरा खाली झुकवतो, लांब पल्ल्याचे भिंग लावून दूरच्या उतारांना एकमेकांवर आणतो, किंवा विमानातून अथवा ड्रोनमधून थेट खाली पाहतो. क्षितिज गेले की वर-खाली, जवळ-दूर हे भेद पुसट होतात आणि भूमीचे पृष्ठ कागदासारखे सपाट होते. दुसरी वजाबाकी मापाची. झुडूप, उंट, माणूस, चाकाची खूण, ज्याच्याशी तुलना करून आकार किती मोठा आहे हे कळावे असे काहीही चौकटीत येऊ द्यायचे नाही. तिसरी वजाबाकी काळाची. पहाटेच्या किंवा मावळतीच्या तिरप्या उन्हात, रात्रीच्या वाऱ्याने पावलांचे ठसे बुजवल्यावर आणि दुसऱ्या प्रवाशांनी नवे ठसे उमटवण्याआधी चित्र घ्यायचे, म्हणजे भूमीवर काल काही घडले होते याची खूण उरत नाही. चौथी वजाबाकी नावाची. खाली 'अमूर्त क्रमांक ७' किंवा 'शीर्षकहीन' असे लिहायचे, अथवा काहीच लिहायचे नाही.

यांतली कोणतीही पायरी गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. निवड ही प्रत्येक कलेची अट आहे. चौकट म्हणजेच निवड. आमचा आक्षेप या चार कृती केल्यानंतर 'हे असेच होते' असे म्हणण्याला आहे. ज्याने स्वतः चार गोष्टी काढून टाकल्या, त्याने उरलेल्या पाचव्या गोष्टीला 'वाळवंटाचे मूळ स्वरूप' म्हणू नये.

उरलेली वाळूदेखील तशी निरर्थक नसते. आर. ए. बॅग्नॉल्ड हे ब्रिटिश लष्करी अधिकारी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडले आणि १९४१ साली त्यांनी वाहत्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ लिहिला. वाळूचा कण वाऱ्याने उचलला जातो, थोडे अंतर उडी घेतो, खाली आदळतो आणि आदळताना इतर कणांना ढकलतो. या उड्यांतून लहरी तयार होतात, आणि त्या सामान्यतः वाऱ्याच्या दिशेला काटकोनात असतात. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार सौम्य असतो. आडोशाचा उतार मात्र कोरडी वाळू जेवढा कोन सांभाळू शकते तेवढा, म्हणजे साधारण ३२ ते ३४ अंश, आणि त्याहून तीव्र झाला की घसरतो. तात्पर्य, आपण जिला 'धारदार कड' म्हणून दाद देतो ती कड म्हणजे वारा कोणत्या बाजूने वाहिला याची नोंद आहे. ज्या वाळूवर कधी माणूस गेला नाही तीही काहीतरी सांगत असते. वाचक असला म्हणजे झाले.

या छायाचित्रपरंपरेचा इतिहास पाहिला तर वजाबाकी किती क्रमाक्रमाने झाली हे कळते. टिमथी ओ'सलिव्हन यांनी १८६७ साली क्लेरन्स किंग यांच्या सर्वेक्षणाबरोबर हिंडताना नेवाडा प्रांतातील कार्सन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांचे जे छायाचित्र घेतले ते आजही मोहक वाटते. पण त्या चित्रात मध्यभागी खेचरे जुंपलेली त्यांची स्वतःची गाडी उभी आहे. ओल्या कलोडियनच्या काचा जागच्या जागी तयार करून लगेच धुवाव्या लागत, म्हणून ती गाडी म्हणजेच त्यांची अंधारखोली होती. गाडीपासून कॅमेऱ्यापर्यंत पावलांचे ठसे आले आहेत. 'मी येथे होतो, मी येथून चालत आलो, आणि ही टेकडी माझ्या गाडीच्या मानाने एवढी आहे' असे ते चित्र आपणहून सांगते.

पुढे एडवर्ड वेस्टन यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ओशियानो येथील टेकड्यांची छायाचित्रे घेतली. ओशियानो हे वाळवंट नव्हे, तो सागरकाठ आहे. पण वाळवंटाच्या अमूर्त छायाचित्रणाचे व्याकरण पुष्कळसे तेथेच ठरले. गाडी गेली, ठसे गेले, छाया आणि कडा उरल्या. त्या काळी याच टेकड्यांत 'ड्यूनाइट्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधक, कलावंत आणि भटक्यांची वस्ती होती. त्या प्रसिद्ध टेकड्यांच्या चित्रांत ती दिसत नाही. तरीही वेस्टन यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांनी आपल्या चित्राखाली ओशियानो हे स्थळ आणि १९३६ हे साल लिहिले. स्थळकाळ गाळला तो नंतरच्या अनुयायांनी आणि आमच्यासारख्या अध्यापकांनी. १९४०च्या दशकाच्या आरंभी फ्रेडरिक सॉमर यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटातून क्षितिजच काढून टाकले; निवडुंग आणि दगडांची ती चित्रे भरगच्च विणलेल्या वस्त्रासारखी दिसतात. पण त्यांतही ॲरिझोना हे नाव राहिले.

साहित्याच्या अभ्यासकांना या संदर्भात रोझलिंड क्राउस यांचा १९८२ सालचा निबंध आठवेल. ओ'सलिव्हन यांनीच १८६८ साली पिरॅमिड सरोवराकाठच्या खडकांचे घेतलेले छायाचित्र त्यांनी त्यात विचारात घेतले आहे. हे छायाचित्र आपल्याला आज सपाट, गूढ, जवळजवळ अमूर्त भासते याचे कारण ते आता संग्रहालयाच्या भिंतीवर आहे; मूळचे ते भूशास्त्राच्या अहवालातले होते, आणि तेथे त्याचे काम वेगळे होते, असा त्यांचा मुद्दा आहे. मुद्दा बिनतोड आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की भिंत आणि अहवाल या दोन्ही चौकटींतून तिसरे कोणी निसटले आहे. पिरॅमिड सरोवर हे पायूट लोकांच्या राखीव प्रदेशात आहे. संग्रहालयाला तेथे आकार दिसतो, भूशास्त्राला खडक. पायूटांना ते आपले गाव दिसत असणार.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊ. ते दुबळे नाहीत.

पहिला आक्षेप असा की, ज्या चित्राला मथळ्याची कुबडी लागते ते चित्रच अपुरे. कलाकृती स्वयंपूर्ण असली पाहिजे. आमचा प्रतिप्रश्न असा: मथळा नसलेले चित्र आपण खरोखर कधी पाहतो का? मान रे यांनी १९२० साली द्यूशाँ यांच्या काचेवर साचलेल्या धुळीचे छायाचित्र घेतले. १९२२ साली ते एका फ्रेंच नियतकालिकात छापले गेले तेव्हा त्याखाली विमानातून घेतलेले दृश्य अशा अर्थाची ओळ होती. तेवढ्या ओळीने खोलीतली धूळ ओसाड मुलूख झाली. म्हणजे पाहणे नेहमीच कोणत्या तरी शब्दांच्या सोबतीने होते. 'शीर्षकहीन' हाही मथळाच आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. तो प्रेक्षकाला सांगतो, 'विचारू नका.' आमच्या वर्गात तर शिक्षकाचे व्याख्यान हाच एक लांबलचक मथळा होता. प्रश्न मथळा असावा की नसावा हा नसून, खरा असावा की सोयीचा, हा आहे.

दुसरा आक्षेप: स्थळ आणि घटना आत घेतली की कला प्रचार होते, सौंदर्य आटते. हा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही. नेवाडाच्याच वाळवंटात १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य भूमिगत. भूमिगत स्फोटाने जमिनीखाली पोकळी होते, वरचा थर खचतो आणि पृष्ठावर जवळजवळ अचूक वर्तुळाकार खळगा पडतो. १९६२च्या जुलैत तेथे 'सेडान' नावाची १०४ किलोटनांची चाचणी झाली, ती तर अणुस्फोटाने खोदकाम करता येईल का हे पाहण्यासाठी. तिने सुमारे ३९० मीटर रुंद आणि १०० मीटर खोल विवर मागे ठेवले. एमेट गोविन यांना १९९६-९७ साली या प्रदेशावरून उडून छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळाली. ती छायाचित्रे विलक्षण देखणी आहेत. वर्तुळांच्या रांगा, उतरत्या उन्हातल्या छाया, काळ्या-करड्याच्या कितीतरी छटा. मर्ढेकरांची तिन्ही लयतत्त्वे तेथे हवी तेवढी सापडतील. आणि मथळ्यात चाचणीक्षेत्राचे नाव व साल आहे. नाव वाचल्यावर सौंदर्य नाहीसे होत नाही. होते ते असे की आपल्याला आपल्याच आनंदाचे काय करावे ते कळेनासे होते. हा अनुभव नुसत्या आनंदापेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि गुंतागुंत हा दोष आहे असे निदान साहित्याच्या अभ्यासकाने तरी म्हणू नये.

रिचर्ड मिझराक यांचे 'ब्राव्हो २०' (१९९०) हेही असेच. ज्या कार्सन वाळवंटात ओ'सलिव्हन यांनी खेचरांची गाडी उभी केली होती त्याच परिसरात अमेरिकी नौदलाच्या बॉम्बफेकीच्या सरावाची ही जागा आहे. मिझराक यांनी तेथल्या खळग्यांची आणि गंजलेल्या तोफगोळ्यांची रंगीत छायाचित्रे घेतली आणि त्या जागेचे राष्ट्रीय उद्यान करावे असा उपरोधगर्भ प्रस्तावही पुस्तकात मांडला. तेथे निसर्ग, उपरोध आणि रंग एकत्र नांदतात. एकाने दुसऱ्याला मारलेले नाही.

उलट बाजूचे एक उदाहरण आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ते आमच्या सोप्या मांडणीला अडचणीचे आहे. सोफी रिस्टेलह्युबर यांनी १९९१च्या आखाती युद्धानंतर कुवेतच्या वाळवंटात जाऊन ७१ छायाचित्रांची 'फे' ही मालिका केली (१९९२). फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ तथ्यही होतो आणि केलेलेही. मान रे यांचे धुळीचे चित्र त्यांच्या मनात होते. या मालिकेत माप मुद्दाम हरवलेले आहे. खंदक की ओरखडा, हे पटकन कळत नाही. मग येथेही वजाबाकीच झाली की! झाली, पण तिचे काम वेगळे आहे. आकाशातून पाहिलेल्या रेघांशेजारी जमिनीवर पडलेल्या, युद्धानंतर मागे राहिलेल्या वस्तू येतात. कुवेत हे स्थळ आणि युद्ध हा प्रसंग मालिकेच्या पायातच आहे. माप हरवते ते प्रेक्षकाने विचारावे म्हणून. म्हणून आमचा आग्रह चित्राखालच्या दोन ओळींचा नाही. कलाकृतीने प्रश्नाला वाट ठेवली आहे की ती बुजवली आहे, एवढेच आम्ही पाहू इच्छितो.

तिसरा आक्षेप सर्वांत स्वाभाविक आहे. वाळवंटात माणूस खरोखरच नसतो, मग तो चित्रात कोठून आणायचा? नामिबियातील डेडव्हले पाहा, असे सांगितले जाते: पांढरी चिखलभूमी, केशरी टेकड्या, काळी वठलेली झाडे. जगात सर्वाधिक छायाचित्रित झालेल्या 'अमूर्त' जागांपैकी ही एक असावी. पण ती झाडे तेथे का आहेत? त्साउचाब नदीचे पुराचे पाणी एके काळी तेथवर येत असे. वाळूच्या टेकड्यांनी वाट अडवली, पाणी तुटले, बाभळीच्या कुळातली ती झाडे काही शतकांपूर्वी वठली, आणि हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. तो देखावा म्हणजे एका नदीचे चरित्र आहे. माणूस नसला तरी पत्ता असतो.

शिवाय निर्मनुष्यता ही नेहमीच निसर्गदत्त नसते. त्याच देशात, तेव्हा तो जर्मन वसाहत होता, १९०४ साली वॉटरबर्गच्या लढाईनंतर हेरेरो लोकांना ओमाहेके या कोरड्या प्रदेशात हाकलण्यात आले आणि त्यांचा पाण्याकडे परतण्याचा मार्ग रोखण्यात आला. सेनापती फॉन ट्रोथा याचा संहाराचा हुकूम २ ऑक्टोबर १९०४चा. ओमाहेके म्हणजे डेडव्हले नव्हे. ती दोन ठिकाणे दूर आहेत, आणि प्रत्येक सुंदर टेकडीखाली प्रेत शोधत बसावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'येथे कोणी नाही' हे वाक्य कॅमेऱ्याने उच्चारण्याआधी सेनापतींनी, भूमापकांनी आणि शस्त्रशास्त्रज्ञांनी उच्चारलेले आहे. नेवाडाचा चाचणीप्रदेश शोशोनी लोक १८६३च्या रूबी व्हॅली तहाच्या आधारे आपला मानतात. रिकामा म्हणून निवडलेला प्रदेश बहुधा कोणाचा तरी असतो. जे वाक्य इतक्या वेळा खोटे ठरले आहे, ते कलेच्या नावाने पुन्हा उच्चारताना निदान थबकावे, एवढीच आमची अपेक्षा.

परदेशांची उदाहरणे देऊन आपण सुटणार नाही. कच्छच्या छोट्या रणावरून घेतलेली मिठागरांची हवाई छायाचित्रे अलीकडे वारंवार पाहायला मिळतात: पांढरे, राखी, गुलाबी चौकोन, त्यांवर बारीक समांतर रेघा. दाद अशी मिळते की जणू एखाद्या आधुनिक चित्रकाराचा पट. त्या रेघा कशाच्या आहेत? पावसाळा सरला की अगरिया कुटुंबे रणात येतात, जमिनीखालचे खारे पाणी उपसून आगरांत सोडतात आणि महिनोन् महिने त्या पाण्यात उभे राहून मिठाचे स्फटिक सारखे बसावेत म्हणून लाकडी दाताळे ओढत राहतात. चित्रातला पोत म्हणजे दाताळ्याचा माग आहे. तो ज्याने ओढला तो चौकटीच्या बाहेर, फार तर दोन हातांवर, उभा असू शकतो. कॅमेरा किंचित डावीकडे वळवला असता तर पोताचा कर्ताही दिसला असता. छायाचित्रकाराने तो वळवू नये असे आपण ठरवले, आणि त्या ठरवण्याला अभिरुची हे नाव दिले.

आता साहित्याकडे परत येतो, कारण हा वाद मुळात छायाचित्रांपुरता नाहीच. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्यविचाराची लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन टोके दाखवली, आणि सौंदर्याची संकल्पना या दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे असे म्हटले. आपण परीक्षेसाठी हे पाठ करतो. शिकवताना मात्र सोयीसाठी एकाच टोकावर मुक्काम करतो. वाळवंटाचे बिनपत्त्याचे चित्र हे त्या मुक्कामाचे भाडे चुकवण्याचे साधन झाले आहे. दोन ध्रुवांतला ताण ज्या चित्रात सर्वाधिक तीव्र, त्याच चित्राचा आपण ताण नसल्याचा दाखला करून टाकला.

कवितेतल्या आणि कथेतल्या माळाचे आपण काय करतो? माळ दिसला की 'एकाकीपणाचे प्रतीक', 'अस्तित्वाची रिक्तता' असे समासात लिहिले जाते. ज्याची मेंढरे त्या माळावर चरतात त्याला तो रिकामा दिसत नाही. त्याला तेथे कुसळ कोठे, सावली कोठे, पाणी किती कोसांवर, हे दिसते. महसुलाच्या कागदात जमीन एकदा 'पडीक' ठरली की पुढे तिचे काय होते हे आपल्या गावोगावच्या गायरानांच्या इतिहासात वाचता येते. 'ओसाड', 'पडीक', 'निर्मनुष्य' ही विशेषणे समीक्षेत प्रतीक म्हणून येतात आणि दप्तरात निर्णय म्हणून. आणि दोन्ही ठिकाणी ती लिहिणारा माणूस सहसा त्या माळावर राहणारा नसतो.

या सगळ्यात आम्हाला सर्वाधिक खटकलेली गोष्ट शेवटी सांगतो. ज्या सत्रात आम्ही ते चित्र दाखवत होतो त्याच सत्रात त्याच वर्गाला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिकवत होतो. मेंढपाळांची वाडी, आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडणारी. सोमवारी वाडी उठल्याचे दुःख आणि गुरुवारी उठलेल्या वाडीच्या डागांतला समतोल, असे ते वेळापत्रक होते. दोन्ही तासांमधला संबंध आम्हाला दिसला नाही. एका विद्यार्थिनीला तो दिसला, कारण तिने दोन्ही तासांना एकच डोळे नेले होते.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. ही चित्रे वर्गातून काढून टाकू नका. दाखवा, आधी हवे तर मथळ्याशिवाय दाखवा, विद्यार्थ्यांना आकार, पोत, कडा, दिशा यांचे वाचन करू द्या आणि घाईने परिभाषा पुरवू नका. मग मथळा दाखवा: स्थळ, साल, छायाचित्रकाराचे नाव. आणि मग तेच चित्र पुन्हा वाचायला सांगा. दुसरे वाचन पहिल्याला खोटे ठरवते की खोल करते, यावर वर्गात भांडण होऊ द्या. मर्ढेकरांची तत्त्वे या भांडणात मोडणार नाहीत. उलट प्रथमच कामाला लागतील. ज्या चित्राचा पत्ता तुम्हाला ठाऊक नाही, तो शोधल्याशिवाय ते चित्र 'शुद्ध' म्हणून दाखवू नका, कारण ते शुद्ध नसून केवळ तुमच्या माहितीबाहेरचे आहे.

आमच्या पडद्यावरच्या त्या चित्राखाली आता अक्षांश आणि रेखांश लिहिलेले असतात. पुढच्या तासाला आम्ही त्या विद्यार्थिनीला नकबची, पाडलेल्या आणि पुन्हा उभारलेल्या गावाची हकीकत सांगितली. तिने ती ऐकून घेतली आणि विचारले की गाव इतक्या वेळा उभे राहिले, तर मेंढरे कोठे ठेवत असतील. तो प्रश्न कोणत्याही सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात नाही. पण ते चित्र पाहताना तो आम्हाला आता दर वेळी पडतो, आणि तो पडल्यापासून ते चित्र आम्ही पहिल्यांदाच नीट पाहू लागलो आहोत.